आरोनियन–आनंद २०१३ आणि मेरान ओपनिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणीत शनिवार-रविवारी आमचा बुद्धिबळाचा वर्ग भरतो. तिथे हा डाव पटावर मांडला की मुलं एक विचारतात, पालक दुसरंच विचारतात, आणि सेलू-गंगाखेडकडून येणारे शिक्षक तिसरंच. ते सगळे प्रश्न इथे एका जागी आणले आहेत. चाली फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या) पद्धतीनेच, पण देवनागरीत लिहिल्या आहेत. मोहऱ्याचं नाव आणि पुढे घर. प्याद्याला नाव नाही, नुसतं घर. × म्हणजे मारलं, + म्हणजे शह. वाचताना पट समोर असू द्या, नुसतं वाचून यातलं निम्मंही हाती लागणार नाही.

हा डाव कुठला आणि कोणाचा?

नेदरलँड्समधलं वाइक आन झे हे समुद्रकाठचं गाव. तिथे दर जानेवारीत टाटा स्टील स्पर्धा होते. १९३८ मध्ये तिथल्या पोलाद कारखान्याच्या नावाने ती सुरू झाली. पुढे कारखाना टाटांकडे आला आणि २०११ पासून स्पर्धेलाही टाटांचं नाव लागलं. २०१३ च्या स्पर्धेत चौथ्या फेरीत, १५ जानेवारीला, आर्मेनियाचा लेवॉन आरोनियन पांढऱ्याने आणि विश्वनाथन आनंद काळ्याने खेळला. आरोनियनचं रेटिंग (खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा) तेव्हा २८०२, आनंदचं २७७२. आनंद त्या वेळी जगज्जेता होता. डाव २३ चालींत संपला, काळा जिंकला.

स्पर्धा मात्र आनंदने जिंकली नाही. मॅग्नस कार्लसन १३ पैकी १० गुणांनी पहिला आला, आरोनियन साडेआठ गुणांनी दुसरा, आणि आनंदचे झाले आठ. इतका सुंदर डाव हरलेला माणूस शेवटी जिंकलेल्याच्या पुढे राहिला. एका फेरीत हरल्यावर भिंतीला तोंड करून बसणाऱ्या लेकरांना मी हा तक्ता मुद्दाम दाखवतो.

सगळ्या चाली एकदा सलग द्या.

१. डी४ डी५ २. सी४ सी६ ३. घोडा एफ३ घोडा एफ६ ४. घोडा सी३ ई६ ५. ई३ घोडा बी-डी७ ६. उंट डी३ डी×सी४ ७. उंट×सी४ बी५ ८. उंट डी३ उंट डी६ ९. दोन्हीकडून राजाच्या बाजूला कॅसलिंग १०. वजीर सी२ उंट बी७ ११. ए३ हत्ती सी८ १२. घोडा जी५ सी५ १३. घोडा×एच७ घोडा जी४ १४. एफ४ सी×डी४ १५. ई×डी४ उंट सी५ १६. उंट ई२ घोडा डी-ई५ १७. उंट×जी४ उंट×डी४+ १८. राजा एच१ घोडा×जी४ १९. घोडा×एफ८ एफ५ २०. घोडा जी६ वजीर एफ६ २१. एच३ वजीर×जी६ २२. वजीर ई२ वजीर एच५ २३. वजीर डी३ उंट ई३. पांढऱ्याने डाव सोडला.

या ओपनिंगला, म्हणजे डावाच्या या सुरुवातीला, मेरान का म्हणतात?

पहिल्या चार चालींतून जी रचना तयार होते ती सेमी-स्लाव. त्यातली पाचव्या चालीला ई३ आणि सहाव्याला उंट डी३ अशी जाणारी वाट म्हणजे मेरान. उत्तर इटलीतल्या मेरान गावी १९२४ मध्ये स्पर्धा झाली. तिथे अकिबा रुबिनस्टाइनने एर्न्स्ट ग्रुनफेल्डविरुद्ध काळ्याकडून ही वाट धरली आणि डाव जिंकला. तेव्हापासून गावाचं नाव चिकटलं. रुबिनस्टाइन हे नाव लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा येणार आहे.

सी४ वरचं प्यादं मारायचंच होतं तर काळा सहाव्या चालीपर्यंत का थांबला?

पांढऱ्याचा उंट एकदा हलेपर्यंत. काळ्याने प्यादं आधीच मारलं असतं तर तो उंट एफ१ वरून एकाच उडीत सी४ वर आला असता. इथे तो आधी डी३ ला गेला, मग सी४ वर मारायला आला, आणि लगेच बी५ ने हाकलला म्हणून परत डी३ ला. तीन चाली खर्चून उंट जिथे होता तिथेच, आणि काळ्याला मधल्या वेळात बी५ फुकट मिळालं. मेरानचा सगळा हिशोब या वेळेवर उभा आहे. आमच्या वर्गातली मुलं पाचव्या चालीलाच प्यादं मारून मोकळी होतात आणि मग म्हणतात, “सर, मेरान खेळलो.” तो मेरान नव्हे.

पण काळ्याने आपलं डी५ चं प्यादं सोडून केंद्र देऊन टाकलं ना?

दिलं, तात्पुरतं. याच प्रश्नात अख्खं ओपनिंग आहे, त्यामुळे इथे जरा थांबू.

दहाव्या चालीनंतरचा पट बघा. काळ्याचा बी७ वरचा उंट ए८–एच१ या लांब कर्णावर आहे, पण समोर सी६ वर आपलंच प्यादं बसलंय. उंट कोंडलेला. सी८ वर येणारा हत्तीही त्याच प्याद्यामागे आंधळा. बी५ पुढे गेल्यामुळे सी६ च्या प्याद्याला मागून आधार देणारं प्यादं उरलं नाही, आणि सी५ चं घर रिकामं आहे. पांढऱ्याने बी४ खेळून ते घर दाबून धरलं, मागून ई४-ई५ केलं, की काळ्याचा श्वास बंद. मग तो हळूहळू मरतो, तीस-चाळीस चालींत, एकही ठळक चूक न करता.

याला उपाय एकच: सी६-सी५. ते एक प्यादं पुढे गेलं की उंटाचा कर्ण उघडतो, हत्तीची पट्टी उघडते आणि पांढऱ्याच्या डी४ ला धक्का बसतो. म्हणून मेरान खेळणाऱ्या मुलाने प्रत्येक चालीला स्वतःला एवढंच विचारावं: सी५ आत्ता होतंय का? होत नसेल तर कशाने होईल? आनंदचा अकरावा हत्ती सी८ पाहा. पांढऱ्याने ए३ खेळून बी४ ची तयारी केली, काळ्याने सी५ ची. दोघं एकाच घरासाठी धावताहेत. पुढची दहा मिनिटं यूट्यूबवर जे फटाके दिसतात त्याचं मूळ या शर्यतीत आहे.

मग आरोनियनने बी४ का नाही खेळलं? घोडा जी५ कशासाठी?

त्याला शर्यत मध्येच मोडायची होती. घोडा जी५ वर आला की एच७ वर तीन मोहरी रोखलेली होतात: डी३ चा उंट, त्यामागे सी२ चा वजीर, आणि हा घोडा. काळ्याकडून राखणारे दोनच, एफ६ चा घोडा आणि राजा. अशा वेळी आपण कुणीही एच६ नाहीतर जी६ खेळतो. एक चाल बचावात गेली की पांढरा निवांत पुढची आखणी करणार, आणि सी५ लांबणीवर पडणार. काळ्याकडे उंट×एच२+ मारून मग घोडा जी४+ असा एक धसमुसळा मार्गही आहे. राजाने उंट मारला, घोड्याने शह दिला की मागे डी८ चा वजीर जी५ चा घोडा मारतो.

आनंदने यातलं काहीच केलं नाही. त्याने सी५ खेळलं.

म्हणजे एच७ चं प्यादं शहाण्यासारखं देऊन टाकलं? की दिसलंच नाही?

दिसलं होतं. राजासमोरचं प्यादं शहासकट किंवा घोड्याने मारलं जाणार, हे ठाऊक असून त्याने ज्या कामासाठी दहा चाली घालवल्या ते काम आधी केलं. बदल्यात काय मिळालं? पांढऱ्याचा घोडा जी५ वरून एच७ च्या कोपऱ्यात जाऊन बसला. तिथून तो एफ८ चा हत्ती मारू शकतो हे खरं, पण आपल्या राजाच्या बाजूला तो आता नाही. एफ३ रिकामं. पांढऱ्याच्या राजाजवळ एफ१ च्या हत्तीशिवाय एकही मोहरं राखण करत नाही.

लगेच घोडा जी४. धमकी एच२ वर. पांढऱ्याने लोभाने एफ८ चा हत्ती मारला तर उंट×एच२+, राजा कोपऱ्यात, आणि वजीर एच४ वर येऊन उघड्या शहाची (उंट हलला की मागच्या वजिराचा शह) टांगती तलवार. म्हणून आरोनियनने एफ४ खेळून डी६–एच२ हा कर्ण बंद केला. इथे मुलांना मी विचारतो, “एक दार लावलं, दुसरं कुठलं उघडलं?” वर्गात कुणीतरी एक बोट जी१–ए७ कर्णावर ठेवतंच. सी×डी४, ई×डी४ झालं आणि उंट सी५! डी६ चा उंट त्या दुसऱ्या कर्णावर येऊन बसला, तोही प्याद्याच्या तोंडात. डी×सी५ केलं तर घोडा×सी५, डी पट्टी उघडी, डी३ चा उंट मारात आणि डी८ चा वजीर डी४ वर शह द्यायला मोकळा.

सोळावी चाल घोडा डी-ई५. हा घोडा पांढऱ्याने मारला का नाही?

या चालीवर वर्गात सगळ्यात जास्त वेळ जातो, आणि जायलाच हवा. ई५ चा घोडा दोन प्याद्यांच्या मारात दिसतो. पण डी४ च्या प्याद्याने तो मारताच येत नाही. ते प्यादं सी५ चा उंट आणि जी१ चा राजा यांच्या मधोमध अडकलंय. ते ई५ वर गेलं तर राजा उघड्यावर पडतो, म्हणजे चाल बेकायदा. बारा-तेरा वर्षांची चांगली खेळणारी मुलंही इथे डी×ई५ खेळून दाखवतात.

उरलं एफ४ चं प्यादं. १७. एफ×ई५ वजीर×डी४+ १८. राजा एच१, आणि आता वजीर जी१+! वजीर सरळ राजाच्या शेजारी. राजाला तो मारता येत नाही, कारण सी५ चा उंट जी१ वर रोखलाय. हत्तीनेच मारावा लागतो, आणि हत्तीने मारला की घोडा एफ२, मात. राजा आपल्याच हत्तीने आणि प्याद्यांनी कोंडून मेला. मध्येच १८. हत्ती एफ२ टाकला तर वजीर×एफ२+ आणि पुढच्या चालीला जी१ वर मात.

आणि हा घोडा गेला कशासाठी? त्याने डी पट्टीवरून बाजूला होऊन वजिराला डी४ दाखवला, आणि जी४ च्या घोड्याला आधार दिला. एका चालीत दोन कामं, आणि स्वतः मारात. आरोनियनने शेवटी उंटाने जी४ चा घोडा मारला, म्हणजे त्यातल्या त्यात बरा पर्याय निवडला.

एकोणिसाव्या चालीला पांढऱ्याने हत्ती मारला. काळ्याने परत का नाही मारलं?

मोजा. या क्षणी दोघांची प्यादी पाच-पाच. पांढऱ्याचा एक अख्खा हत्ती जास्त. एफ८ वर त्याचा घोडा राजाच्या शेजारी उघडा उभा, राजा मारू शकतो, वजीर मारू शकतो. आणि आनंद खेळतो एफ५. एक प्यादं दोन घरं पुढे.

सगळ्यांच्या डोक्यात पहिली चाल येते ती वजीर एच४, पुढे एच२ वर मात. पण तिला उत्तर आहे: २०. वजीर एच७+! सी२ वरून सरळ कर्णाने येऊन शह, वजिरांची अदलाबदल होते आणि हल्ला संपतो. मोहऱ्यांच्या हिशोबात पांढरा वर, मजेत. एफ५ ने तोच सी२–एच७ कर्ण बंद होतो, शिवाय सी३ च्या घोड्याला ई४ वर येऊन मदत करता येत नाही. आता वजीर एच४ ची धमकी खरी झाली. म्हणून घोडा जी६, एच४ वर लक्ष ठेवायला. वजीर एफ६ ने तो घोडा हेरला, आणि एच३ झाल्यावर मारून घेतला. २२. एच×जी४ करता येत नव्हतं, कारण वजीर एच६ वर आला की एच पट्टीवर मात: जी१ डी४ च्या उंटाच्या ताब्यात, मध्ये टाकायला काही नाही.

त्यागाच्या चालींपेक्षा मला एफ५ जास्त आवडते. त्याग करायला हिंमत लागते आणि ती पोरांकडे भरपूर असते. हत्ती कमी असताना शांत चाल शोधणं हे मात्र फार थोड्यांना जमतं.

शेवटी उंट ई३ नंतर मात तर झालेली नाही. मग डाव का सोडला?

धमकी आहे वजीर×एच३ मात. जी२ चं प्यादं एच३ मारू शकत नाही, कारण बी७ च्या उंटाने ते राजावर पिन केलंय, म्हणजे ते हललं तर राजा उघड्यावर पडतो. तोच उंट, दहाव्या चालीला सी६ च्या मागे कोंडलेला. पांढऱ्याने वजीर डी३ वर आणला होता तो तिसऱ्या रांगेतून एच३ राखायला. उंट ई३ ने ती रांगच मध्ये तोडली. आता:

उंट×ई३ केलं तर वजीर×एच३+, राजा जी१, वजीर×जी२ मात. वजीर×ई३ केलं तर घोडा×ई३, आणि उंटाने परत मारलं तरी वजीर×एच३+ ची तीच गोष्ट. या पातळीवर कुणी मात होईपर्यंत बसत नाही. तुमच्या लेकराने मात्र बसावं. जिल्हा पातळीवर समोरच्याला ती मात दिसेलच याची खात्री काय?

रुबिनस्टाइनच्या जुन्या डावाशी याचा संबंध लावतात, तो कसा?

१९०७ मध्ये लॉड्झ इथे रोटलेवी पांढऱ्याने, रुबिनस्टाइन काळ्याने. लॉड्झ आज पोलंडमध्ये आहे, तेव्हा रशियन साम्राज्यात होतं. तिथेही काळ्याचा एक उंट बी७ वर, दुसरा जी१–ए७ कर्णावर, घोडा जी४ वर, हत्ती सी८ वर. पांढऱ्याने एफ४ खेळलेलं आणि राजा एच१ च्या कोपऱ्यात. रुबिनस्टाइनने हत्ती×सी३ मारून वजीर मारात ठेवला, मग दुसरा हत्ती डी२ वर फेकला, आणि पंचविसाव्या चालीला हत्ती एच३ नंतर रोटलेवीने हार मानली. ओपनिंग वेगळं आहे, तिथे मेरान नव्हतं. पण दोन उंट शेजारच्या दोन कर्णांवरून राजाकडे बघताहेत हा नमुना तोच. दोन्ही डाव एकामागून एक मांडा, आधी १९०७ चा. तो ज्याच्या हाताखालून गेलाय त्याला आनंदचा पंधरावा उंट सी५ आपोआप सुचतो.

आनंदने मेरान आणखी कुठे खेळलं?

२००८ च्या बॉन इथल्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात, व्लादिमीर क्रामनिकविरुद्ध. तिसरा आणि पाचवा डाव त्याने काळ्याकडून मेरानमध्ये जिंकला. तिथे आठव्या चालीला उंट डी६ ऐवजी ए६ होतं, आणि पुढे पांढऱ्याचा ई५. ती वाट फार काटेरी आहे, सुरुवातीला तिकडे जाऊ नका.

“आमचं लेकरू रोज वीस-वीस चाली पाठ करायलंय. फायदा होईल का?”

उदगीरच्या एका पालकांचा हा प्रश्न, आणि त्यामागची काळजी मला समजते. आपल्याकडे लातूर पॅटर्नने घराघरात हे रुजवलंय की नोट्स चांगल्या मिळाल्या, उजळणी झाली, सराव परीक्षा झाल्या की गुण येतात. बारावीला ते येतातही. बुद्धिबळात अडचण अशी की प्रश्नपत्रिका समोरचा मुलगा काढतो, आणि त्याने तुमच्या नोट्स वाचलेल्या नसतात. चौथ्या चालीलाच तो काहीतरी वेगळं खेळतो.

त्यामुळे आठव्या चालीपर्यंत पाठ असू द्या, तेवढं लागतंच. त्यापुढे मुलाला चाली विचारू नका, कारणं विचारा. सी५ का? हत्ती सी८ लाच का, ई८ ला का नाही? वजीर सी२ वर आला तर एच७ कडे लक्ष का द्यायचं? हे तोंडी सांगता आलं की ओपनिंग आलं.

माझं रेटिंग १४५० आहे. मेरान धरू का?

धर, पण एक माहीत असू दे: दहा डावांत जेमतेम एक-दोनदा ते पटावर येईल. आपल्याकडच्या स्पर्धांत १. डी४ खेळणारे निम्मे तरी दुसऱ्या-तिसऱ्या चालीला उंट एफ४ ला काढून लंडन खेळतात. काही जण सी×डी५ करून अदलाबदलीचा स्लाव करतात, सपाट आणि लांबलचक. पाचव्या चालीला उंट जी५ आला तर तो वेगळाच प्रांत, सहाव्याला वजीर सी२ आला तर मेरान टाळलंय म्हणून समज. या प्रत्येकासाठी एकेक साधी योजना आधी तयार ठेव, मग मेरान खोल कर.

फायदा असा की डी५-सी६-ई६ ही तीच प्याद्यांची रचना या बहुतेक ठिकाणी चालते. आणि सगळीकडे विचारायचं तेच: कोंडलेला उंट कसा बाहेर काढू, सी५ कधी होईल.

अजून रेटिंगच नसेल तर ओपनिंगची चिंता सोड. रोज दोन-तीन चालींत मात करायची कोडी सोडव.

रेटिंग मिळवायला किती डाव लागतात?

रेटिंग असलेल्या खेळाडूंशी किमान पाच डाव. मार्च २०२४ पासून फिडेने किमान रेटिंग १४०० केलंय, त्याखाली यादीत नाव येत नाही. लहान मुलांचं रेटिंग चाळीसच्या गुणकाने हलतं, म्हणून एका स्पर्धेत ऐंशी-शंभर गुणांची चढ-उतार दिसली तर घाबरायचं कारण नाही. परभणी-नांदेडकडच्या मुलांना अनेकदा रात्रीच्या रेल्वेने पुणं गाठावं लागतं. शक्य असेल तर एक दिवस आधी पोचा. रात्रभर न झोपता पहिल्या फेरीला बसलेला मुलगा मेरान सोडा, राजा कुठाय तेही नीट बघत नाही.

स्पर्धेत अशा डावात नियमांमुळे कुठे फसायला होतं?

तीन ठिकाणी. एक, हात लावलेलं मोहरं हलवावंच लागतं. एफ८ चा घोडा मारायला राजाला हात लावला आणि मग एफ५ आठवलं, तर उपयोग नाही. दोन, बेकायदा चाल. वर सांगितलेलं डी×ई५ खेळून घड्याळ दाबलं की पहिल्यांदा प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटं जास्त मिळतात, दुसऱ्यांदा डावच जातो. तीन, ९० मिनिटं अधिक दर चालीला ३० सेकंद असं घड्याळ असेल तर शेवटपर्यंत चाली लिहाव्याच लागतात. वेळ कमी उरला म्हणून स्कोअरशीट बाजूला सारता येत नाही. मोबाईल हॉलबाहेर, हे आता पाचवीतल्या मुलालाही ठाऊक आहे. पालकांनाच परत परत सांगावं लागतं.

आमच्या गावात शिकवणारं कुणी नाही. मोबाईलवर इंजिन (चाली सुचवणारा बुद्धिबळाचा प्रोग्रॅम) लावून हा डाव बघितला तर?

बघा, पण दुसऱ्यांदा. लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर इंजिन फुकट आहे. पहिल्यांदा मात्र कागद घ्या, काळ्याच्या बाजूने बसा, बारावी चाल झाली की पुढच्या चाली झाका. प्रत्येक चाल स्वतः सुचवा, लिहा, मग खरी उघडा. दोघं असाल तर एक पांढरा होईल. यात दोन तास जातील, जाऊ द्या. इंजिन आधी लावलं तर ते अर्ध्या सेकंदात घोडा ई५ दाखवतं आणि मुलाला वाटतं की सोपंच होतं.

मी पांढऱ्याने डी४ खेळतो. माझ्यासमोर कुणी हेच खेळलं तर काय करू?

बाराव्या चालीला घोडा जी५ विसर. बी४ खेळ. अकराव्या चालीचा ए३ त्यासाठीच होता. काळा ए५ ने त्या साखळीला हात घालील, तेव्हा हत्ती बी१ ला नेऊन बी४ धरून ठेव, सी५ वर डोळा ठेव आणि ई४ ची तयारी कर. सी३ चा घोडा ई४ वरून सी५ गाठू शकतो हेही ध्यानात असू दे. काळ्याचं सी६ चं प्यादं जोवर जागेवर आहे तोवर बी७ चा उंट तुला काही करू शकत नाही.